थायमसची छाननी आणि नवजात बाळांच्या लसी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

ऑक्टोबर 2025 मध्ये मेरी ब्रंको, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना वैद्यकशास्त्राचे नोबेल जाहीर झाले आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच अवयवांवर का उलटत नाही, हा प्रश्न सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचला. पारितोषिक मिळाले ते रक्तात आणि अवयवांत इतर पेशींना आवर घालणाऱ्या नियामक टी पेशींच्या शोधाला. टी पेशी म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा एक प्रकार. मात्र या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग त्याआधीच, छातीच्या हाडामागच्या एका लहानशा ग्रंथीत ठरलेला असतो. ती ग्रंथी म्हणजे थायमस, अर्थात यौवनलोपी ग्रंथी. तिच्याविषयी मराठीत फारच कमी लिहिले जाते. उलट 'प्रतिकारशक्ती वाढवा' असे सांगणारी चूर्णे, काढे आणि गोळ्या मात्र रोज जाहिरातींत दिसतात. प्रतिकारयंत्रणा नुसती जोरकस असून भागत नाही. जोर कोणावर करायचा नाही हे तिला कळावे, यासाठी शरीर प्रचंड किंमत मोजते. ती किंमत कशी मोजली जाते आणि तो हिशेब चुकला तर आपल्या नवजात अर्भक कक्षांत, लसीकरण केंद्रांत आणि शस्त्रक्रियागृहांत काय करायला हवे, हे सांगण्यासाठी हे पत्र. विषय सविस्तर मांडल्याशिवाय उपयोग नाही, म्हणून पत्र लांबले आहे. जागा द्यावी ही विनंती.

थायमसला दोन पाळ्या असतात आणि ती उरोस्थीच्या मागे, हृदयाच्या वरच्या अंगाला बसलेली असते. जन्मतः तिचे वजन 10 ते 15 ग्रॅम असते, वयात येईपर्यंत ते 30 ते 40 ग्रॅम होते आणि पुढे हळूहळू तिची जागा चरबी घेते. 1961 पर्यंत तिचे नेमके काम कोणालाच माहीत नव्हते. प्रौढ उंदराची थायमस काढली तरी त्याला काही होत नसे, त्यामुळे तिला निरुपयोगी ठरवणे सोपे होते. लंडनमध्ये जॅक मिलर यांनी ती नवजात उंदरांतून काढली. ही पिल्ले काही आठवडे बरी राहिली आणि मग खंगत गेली. त्यांच्या रक्तात लसिकापेशी (लिम्फोसाइट; टी पेशी याच गटातल्या) फार कमी होत्या आणि वेगळ्या जातकुळीच्या उंदराची त्वचा बसवली तरी त्यांचे शरीर ती नाकारत नव्हते. प्रौढ उंदराचे काही बिघडत नाही याचे कारण एवढेच, की तोवर थायमसने पुष्कळ टी पेशी बाहेर पाठवलेल्या असतात आणि त्या दीर्घकाळ जगतात.

अज्ञानाची किंमत माणसांनीही मोजली आहे. बाळाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये थायमसची सावली शिडाच्या आकाराची दिसते आणि ती अगदी स्वाभाविक असते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत मात्र ती 'सुजलेली' समजून हजारो बाळांना किरणोपचार दिले गेले. दीर्घ आजारात थायमस आक्रसते. शवविच्छेदनात आजारी मुलांची आक्रसलेली थायमस पाहून तोच नेहमीचा आकार असा समज झाला होता. त्या बाळांपैकी अनेकांना पुढे थायरॉइडचा कर्करोग झाला. म्हणून एक्स-रेवरची ही सावली दिसली तर घाबरू नये. ती दिसली नाही तर मात्र विचार करावा. तोही एवढे लक्षात ठेवून, की नुसत्या तीव्र आजारपणानेही ती काही दिवसांत लहान होते.

आता मूळ मुद्दा. टी पेशीच्या पृष्ठभागावर लक्ष्य ओळखून धरणारा जो रिसेप्टर असतो, तो अल्फा आणि बीटा अशा दोन साखळ्यांचा बनतो आणि त्याची तयार आकृती कोणत्याही जनुकात लिहून ठेवलेली नसते. अस्थिमज्जेतून आलेली कोवळी पेशी थायमसमध्ये शिरते आणि आरएजी-1 व आरएजी-2 या विकरांच्या मदतीने स्वतःचा डीएनए कापून नव्याने जोडते. बीटा साखळीसाठी व्ही, डी आणि जे असे तीन प्रकारचे तुकडे, अल्फा साखळीसाठी व्ही आणि जे. जोडाच्या ठिकाणी काही अक्षरे गळतात, काही कोणताही साचा नसताना भरली जातात. डीएनएची अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जात असल्याने साधारण तीनांतला एकच जोड वाचता येण्याजोगा निघतो. या खटाटोपातून इतके वेगवेगळे रिसेप्टर तयार होतात, की उद्या उत्क्रांत होणाऱ्या विषाणूलाही पकडणारा एखादा त्यात सापडतो. पण रिसेप्टर असा योगायोगाने घडणार असेल, तर तो स्वतःच्या इन्सुलिनला किंवा डोळ्यातल्या पडद्याच्या प्रथिनाला चिकटणारा निघण्याची शक्यताही तेवढीच खरी. घडतानाच त्याला अडवण्याचा कोणताही मार्ग नाही. आधी घडू द्यायचे आणि मग तपासायचे, एवढेच शरीराच्या हाती उरते.

ही तपासणी टप्प्याटप्प्याने होते. पेशी थायमसच्या बाहेरच्या थराच्या, म्हणजे कॉर्टेक्सच्या, आणि आतल्या मेड्युलाच्या सीमेवर रक्तवाहिनीतून उतरते आणि बाहेरच्या दिशेने सरकू लागते. या वेळी तिच्यावर सीडी4 आणि सीडी8 यांपैकी कोणतीच खूण नसते. पहिली परीक्षा बीटा साखळीची. ती नीट जुळली असेल तर एका तात्पुरत्या जोडीदार साखळीबरोबर ती पृष्ठभागावर येते, पेशीला जगण्याचा संदेश मिळतो आणि तिचे अनेकदा विभाजन होते. एकदा साधलेली बीटा साखळी अनेक लेकींमध्ये वाटली जाते आणि प्रत्येक लेक आपापली अल्फा साखळी जुळवते. बीटा जुळली नाही तर पेशी तिथेच मरते.

यानंतर पेशीवर सीडी4 आणि सीडी8 दोन्ही खुणा येतात, आणि इथून तिच्याकडे जेमतेम तीन ते चार दिवस असतात. कॉर्टेक्समधल्या आवरणपेशी आपल्या एमएचसी रेणूंवर शरीराच्याच प्रथिनांचे बारीक तुकडे मांडून ठेवतात. माणसात याच रेणूंना आपण एचएलए म्हणतो. टी पेशीला मोकळा विषाणू दिसत नाही. तिला दिसतो तो फक्त एमएचसीच्या खोबणीत बसलेला तुकडा. हे 1974 मध्ये रॉल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी यांनी दाखवले आणि त्यासाठी 1996 चे नोबेल मिळवले. त्यामुळे जो रिसेप्टर या शरीराच्या एमएचसीला जराही धरू शकत नाही तो कधीच उपयोगी पडणार नाही, आणि तो धारण करणारी पेशी जगण्याचा संदेश न मिळाल्याने मरते. बहुसंख्य पेशी इथेच संपतात. हलकी पकड जमली ती पुढे जाते. वर्ग एकच्या एमएचसीशी जमली तर ती सीडी8 पेशी होते, वर्ग दोनशी जमली तर सीडी4. इथला एक तपशील संशोधकांनाही उशिरा, 2007 मध्ये, उमगला: कॉर्टेक्सच्या आवरणपेशींत प्रथिने कापणारे यंत्रच निराळे असते. बीटा5टी हा त्याचा भाग शरीरात दुसरीकडे कुठे आढळत नाही आणि तो बिघडवला तर सीडी8 पेशी पुरेशा तयार होत नाहीत. बाहेर ज्या तुकड्यांशी गाठ पडणार त्याहून वेगळे तुकडे इथे दाखवले जातात. एकाच तुकड्यावर उत्तीर्ण होऊन पुढे त्याच तुकड्यावर बाद होण्याचा प्रसंग बऱ्याच अंशी त्यामुळे टळत असावा.

उत्तीर्ण पेशी सीसीआर7 या रिसेप्टरच्या आधाराने आत, मेड्युलात जाते. तिथे चार-पाच दिवस ती एका पेशीकडून दुसरीकडे फिरते, आणि तिथली परीक्षा उलटी असते. इथे घट्ट पकड बसली की मृत्यू. अशा पेशींचा नायनाट होतो ही कल्पना मॅकफार्लेन बर्नेट यांनी 1950 च्या दशकातच मांडली होती. ती थायमसमध्ये प्रत्यक्ष घडताना जॉन कॅपलर आणि फिलिपा मॅरॅक यांच्या गटाने 1987 मध्ये दाखवली.

पण इन्सुलिन तयार होते स्वादुपिंडात आणि डोळ्यातल्या पडद्याचे प्रथिन डोळ्यात. छातीतल्या ग्रंथीत बसून टी पेशीला त्यांची ओळख कशी पटणार? या प्रश्नाचे उत्तर 1997 मध्ये सापडलेल्या एका जनुकातून मिळाले. एकविसाव्या गुणसूत्रावरचे हे जनुक एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराच्या शोधात दोन स्वतंत्र गटांच्या हाती लागले. त्याचे नाव एअर, म्हणजे ऑटोइम्यून रेग्युलेटर. मेड्युलातल्या आवरणपेशींत हे प्रथिन हजारो अशी जनुके उघडते, जी एरवी फक्त यकृतात, स्वादुपिंडात, लाळग्रंथीत किंवा अंडाशयात उघडी असतात. 2002 मध्ये उंदरांतून एअर काढून टाकले तेव्हा त्यांच्या डोळ्यांवर, अंडाशयांवर, लाळग्रंथींवर आणि जठरावर त्यांच्याच टी पेशींनी हल्ला केला.

एअर सगळी जनुके सगळ्या पेशींत उघडत नाही. एखादे प्रथिन एका वेळी मेड्युलातल्या शंभर आवरणपेशींपैकी जेमतेम एक ते तीन पेशींत तयार होत असते. त्यामुळे टी पेशीला इतके दिवस फिरत राहावे लागते आणि प्रथिनांचे तुकडे टी पेशींना दाखवणाऱ्या शेजारच्या डेंड्रायटिक पेशी हे नमुने उचलून आपल्याही अंगावर मांडतात. 2022 मध्ये असेही दिसले, की मेड्युलातल्या काही पेशी स्नायूच्या, आतड्याच्या किंवा त्वचेच्या पेशींची जवळपास संपूर्ण नक्कल करतात. मात्र एवढी व्यवस्था असूनही सगळे काही प्रमाणावर अवलंबून आहे, आणि इन्सुलिनचे उदाहरण त्यासाठी फार बोलके आहे. अकराव्या गुणसूत्रावर इन्सुलिनच्या जनुकाला लागून एक छोटा क्रम वारंवार लिहिलेला असतो. काहींच्यात ही पुनरावृत्ती आखूड असते, काहींच्यात लांब. लांब असेल तर थायमसमध्ये इन्सुलिनचा संदेश दोन ते तीन पट जास्त बनतो आणि टाइप-1 मधुमेहाचा धोका लक्षणीय घटतो. म्हणजे स्वादुपिंडाचा आजार होणार की नाही, हे ठरण्यात छातीतल्या मूठभर पेशी किती इन्सुलिन बनवतात याचाही वाटा आहे. घरातल्या मुलाला टाइप-1 मधुमेह झाला की आईबाप जास्त गोड खाऊ घातल्याबद्दल स्वतःला दोष देतात. त्यांना हे कोणीतरी सांगायलाच हवे.

घट्ट पकडीच्या सगळ्याच पेशी मारल्या जात नाहीत. पकड जोरदार, पण मारून टाकण्याइतकी नाही, अशा काही सीडी4 पेशींत फॉक्सपी3 हे जनुक सुरू होते आणि त्या नियामक टी पेशी होऊन बाहेर पडतात. 2025 चे नोबेल याच पेशींसाठी. त्यांचा पहिला माग एका चमत्कारिक निरीक्षणातून लागला होता. उंदराची थायमस जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी काढली, तर प्रतिकारशक्ती कमी होण्याऐवजी अंडाशय आणि इतर ग्रंथींवर हल्ला सुरू होतो. साध्या टी पेशी तोवर बाहेर पडलेल्या असतात आणि नियामक पेशी अजून पुरेशा निघालेल्या नसतात. थायमसची छाननी पूर्णपणे निर्दोष नसते, काही स्वविरोधी पेशी प्रत्येकाच्याच अंगात निसटून येतात, आणि त्यांना बाहेर कोणीतरी धरून ठेवावे लागते, हे या प्रयोगाने शिकवले.

या सगळ्याची किंमत आकड्यांत अशी: तरुण उंदराच्या थायमसमध्ये रोज सुमारे पाच कोटी नव्या पेशी तयार होतात आणि बाहेर पडतात 10 ते 20 लाख. बाकीच्या आतच मरतात. जिथे पेशी वाचवणे हा अपवाद आणि मारणे हा नियम, त्या यंत्रणेला 'बूस्ट' करणारी गोळी नेमके काय वाढवणार, हे जाहिरातदारांना विचारावे असे आम्हाला वाटते.

आता बिघाडांकडे. एअर जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असतील तर एपीएस-1 हा, अनेक ग्रंथींवर स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेचा हल्ला होण्याचा आजार होतो. तो फिनलंड, सार्डिनिया आणि इराणी ज्यू समाजात अधिक आढळतो. भारतातही रुग्ण नोंदले गेले आहेत. त्याचा ठरावीक क्रम बालरोगतज्ज्ञांच्या आणि कुटुंबवैद्यांच्या डोक्यात पक्का असावा. पाचव्या वर्षाच्या आसपास तोंडात आणि नखांत सतत उद्भवणारी कॅन्डिडा बुरशी, मग दहा वर्षांच्या आत कॅल्शियम राखणाऱ्या गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी निकामी होऊन रक्तातले कॅल्शियम घसरणे, मग पौगंडावस्थेपर्यंत मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी बंद पडणे. या तिन्हींपैकी दोन दिसले की निदान जवळपास ठरते. दातांचे एनॅमल कच्चे असणे हीदेखील एक खूण. प्रत्यक्षात घोटाळा होतो तो तुकड्यातुकड्याने पाहिल्याने: बुरशीसाठी एक डॉक्टर, झटक्यांसाठी दुसरे. तोंडात वारंवार पांढरे चट्टे येणाऱ्या मुलाला झटके आले, तर मिरगीची औषधे कायमची सुरू करण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासा. त्याच मुलाला थकवा, उलट्या आणि त्वचा काळवंडणे दिसू लागले तर सकाळच्या रक्तातले कॉर्टिसॉल, म्हणजे याच ग्रंथींचे संप्रेरक, तातडीने तपासा. अ‍ॅड्रिनलचा झटका काही तासांत जीव घेतो.

बुरशीच का, हेही कळले आहे. या रुग्णांच्या रक्तात इंटरल्यूकिन-17 आणि 22 या संदेशवाहक रेणूंविरुद्ध प्रतिपिंडे असतात, आणि बुरशीला तोंडातून हाकलायचे काम याच रेणूंचे. त्यांच्यात विषाणूंशी लढायला लागणाऱ्या टाइप-1 इंटरफेरॉनविरुद्धही प्रतिपिंडे असतात. 2020 मध्ये याचा अनपेक्षित उपयोग झाला: जीवघेणा कोविड न्यूमोनिया झालेल्या 987 रुग्णांपैकी 101 जणांत नेमकी तशीच प्रतिपिंडे सापडली आणि त्यांपैकी 95 पुरुष होते. एका दुर्मीळ आजारावर वर्षानुवर्षे केलेले काम साथीच्या काळात असे कामी आले.

मायस्थेनिया ग्रॅव्हिस या आजाराशी थायमसचे नाते तर अधिकच थेट आहे. पापणी पडणे, दोन-दोन दिसणे, संध्याकाळपर्यंत चावणे-गिळणे जड जाणे ही त्याची लक्षणे. यातल्या साधारण 10 ते 15 टक्के रुग्णांत थायमसची गाठ, म्हणजे थायमोमा, सापडते. गाठीतल्या आवरणपेशी टी पेशी घडवत राहतात, पण एअर बहुधा नसते, मेड्युलाची रचना विस्कटलेली असते. पेशी तयार होतात आणि तपासणी न होताच सुटतात. म्हणून निदान पक्के झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या छातीचे सीटी स्कॅन व्हायलाच हवे. साधा एक्स-रे पुरत नाही, लहान गाठी त्यात सुटतात. गाठ असेल तर शस्त्रक्रिया ठरलेलीच. गाठ नसतानाही थायमस काढल्याने फायदा होतो का, याचा वाद सात-आठ दशके चालला. 2016 च्या एका चाचणीत 18 ते 65 वयाच्या, स्नायूवर नसांचा संदेश घेणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीन रिसेप्टरविरुद्ध प्रतिपिंडे असलेल्या 126 रुग्णांत तीन वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेल्यांची लक्षणे कमी आणि स्टिरॉइडची गरजही कमी दिसली. मात्र हा फायदा महिन्यांनी दिसतो. ऑपरेशन झाले म्हणजे लगेच औषधे बंद, असे समजू नये.

याउलट, कारण नसताना थायमस काढणे आता निर्धोक मानता येत नाही. बॉस्टनमधून 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात थायमस काढलेल्या प्रौढांची तुलना तशाच प्रकारची, पण थायमस शाबूत राहिलेली हृदयशस्त्रक्रिया झालेल्यांशी केली. पाच वर्षांतले मृत्यू 8.1 टक्के विरुद्ध 2.8 टक्के, कर्करोग 7.4 विरुद्ध 3.7 टक्के. हा मागे वळून पाहणारा अभ्यास आहे, त्यावरून कार्यकारण पक्के ठरत नाही. तरी प्रौढपणी ही ग्रंथी निव्वळ चरबीचा गोळा असते, हे गृहीतक सोडून द्यायला एवढे पुरेसे आहे. तान्ह्या बाळाच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेत थायमस वाटेत येते म्हणून बऱ्याचदा पुष्कळशी काढली जाते. हृदयशल्यविशारदांना आमची विनंती आहे, की शक्य असेल तिथे तिचा काही भाग राखावा आणि किती काढली हे शस्त्रक्रियेच्या टिपणात लिहावे. ही नोंद नसेल तर पुढे त्या मुलाच्या लसिकापेशी कमी आढळल्यावर कारण शोधत बसावे लागते.

आमच्या दृष्टीने सर्वांत निकडीचा विषय शेवटी घेतो. गर्भात थायमस, पॅराथायरॉइड आणि हृदयाबाहेर पडणाऱ्या मोठ्या धमन्या एकमेकींच्या जोडीने घडतात. बाविसाव्या गुणसूत्राचा 22क्यू11.2 हा तुकडा गळाला तर तिन्हींत दोष येतो. साधारण 4,000 जन्मांत एका बाळात हे आढळते आणि बहुतेक वेळा आईवडिलांत दोष नसतो. अशा बहुतेक मुलांची थायमस लहान, पण काम करणारी असते. शंभरात एकापेक्षाही कमी बाळांत ती मुळीच काम करत नाही. या मोजक्या बाळांत टी पेशीच नसतात.

आपल्याकडे बाळ जन्मले की बीसीजी आणि पोलिओच्या तोंडावाटे द्यायच्या लसीचा शून्य डोस दिला जातो, रोटाव्हायरसची लस सहाव्या आठवड्यापासून. या तिन्ही जिवंत, म्हणजे दुर्बल केलेल्या जिवंत जंतूंच्या किंवा विषाणूंच्या, लसी आहेत. बहुसंख्य बाळांसाठी त्या वरदान आहेत आणि क्षयाचे प्रमाण पाहता बीसीजी सरसकट लांबवणे घातक ठरेल. टी पेशी नसलेल्या बाळात मात्र बीसीजीचे जंतू शरीरभर पसरू शकतात. टोचल्या जागेची न भरणारी जखम, काखेत वाढत जाणारी गाठ, रेंगाळणारा ताप, वजन न वाढणे ही त्याची चिन्हे. पोलिओच्या लसीतला विषाणू अशा बाळाच्या आतड्यात दीर्घकाळ वाढत राहू शकतो. रक्त द्यावे लागले तर तेही किरणांच्या माऱ्याने दात्याच्या लसिकापेशी निकामी केलेले हवे, कारण एरवी पिशवीतल्या या पेशींना अडवणारे बाळाकडे कोणी नसते आणि त्या बाळाच्याच अवयवांवर हल्ला करतात.

त्यामुळे सगळ्यांची लस थांबवू नका, पण नेमक्या बाळांची थांबवा, असे आमचे म्हणणे आहे. फॅलोची टेट्रालॉजी, ट्रंकस आर्टेरिओसस, खंडित महाधमनी यांसारखा हृदयाचा जन्मजात दोष गर्भावस्थेतल्या सोनोग्राफीत किंवा जन्मानंतरच्या इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) दिसला, किंवा पहिल्या दिवसांत कॅल्शियम घसरून झटके आले, तर जिवंत लसी तेवढ्यापुरत्या रोखाव्यात. मग साधी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून एकूण पांढऱ्या पेशींना लसिकापेशींच्या टक्केवारीने गुणावे. येणारा आकडा घन मिलिमीटरला 3,000 पेक्षा कमी असेल तर संशय घ्यावा. कोणत्याही तालुक्याच्या प्रयोगशाळेत हे होते. नडते ते हे, की गुणाकार कोणी करत नाही आणि अहवालावरची सामान्य मर्यादा बहुतेकदा प्रौढांची छापलेली असते. 1,500 हा आकडा मोठ्या माणसाला चालेल, बाळाला नाही. यानंतर टी पेशींची फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणांवरून त्यांचे प्रकार मोजणारी तपासणी. टी पेशी पुरेशा निघाल्या की लसी विनाविलंब द्याव्यात.

नवजात बाळांच्या टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या वाळलेल्या ठिपक्यावर करता येणारी ट्रेक चाचणी याच्या पुढचे पाऊल आहे. टी पेशी अल्फा साखळी जुळवताना डीएनएचा जो तुकडा कापून टाकते त्याचे टोक टोकाला जुळून वर्तुळ बनते. पेशी विभागली तरी वर्तुळाची प्रत निघत नाही, म्हणून थायमसमधून नुकत्याच बाहेर पडलेल्या पेशींतच ते ठळकपणे सापडते. ठिपक्यातून साधारण तीन मिलिमीटरची चकती पाडून पीसीआरने ही वर्तुळे मोजतात. सोबत एक नेहमीचे जनुकही मोजावे लागते. तेही वाढले नाही तर नमुनाच खराब, नवा ठिपका घ्यायचा. वेळेआधी जन्मलेल्या बाळांत आकडा खोटा कमी येऊ शकतो, तेव्हा पुन्हा तपासणी लागते. अमेरिकेत विस्कॉन्सिनने 2008 मध्ये ही सुरू केली आणि 2018 च्या अखेरीस ती सर्व राज्यांत पोहोचली. तिची मर्यादाही सांगायला हवी: ट्रेक फक्त किती पेशी बाहेर पडल्या हे सांगते, त्यांची छाननी नीट झाली का हे नाही. एअरचा दोष असलेल्या बाळाचा अहवाल अगदी व्यवस्थित येईल.

थायमस मुळीच नसलेल्या बाळांसाठी उपचारही आहे. हृदयशस्त्रक्रियेत दुसऱ्या बाळाची काढलेली थायमस 12 ते 21 दिवस प्रयोगशाळेत ठेवून तिच्यातल्या दात्याच्या टी पेशी घालवतात आणि पातळ कापांच्या रूपात ती रुग्ण बाळाच्या मांडीच्या स्नायूत बसवतात. एचएलए जुळवावे लागत नाही. टी पेशी दिसू लागायला सहा महिने ते वर्ष लागते. अमेरिकेत या उपचाराला ऑक्टोबर 2021 मध्ये मान्यता मिळाली. तो आज आपल्या आवाक्याबाहेरचा आहे. पण बाळाला त्या काळापर्यंत संसर्गापासून वाचवून ठेवणे आणि बीसीजी वेळेत रोखणे आपल्या हातात आहे.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच पालघरला झाली. जन्मजात हृदयदोष आणि फाटलेला टाळू हे दोन्ही त्याच्या यादीत आहेत, आणि दोन्ही 22क्यू11.2 च्या लक्षणांतही आहेत. म्हणून राज्याच्या आरोग्य विभागाकडे आमची मागणी नवी योजना काढण्याची नाही. प्रसूतिस्थळी भरल्या जाणाऱ्या अर्जात, हृदयदोष किंवा टाळूच्या रकान्यापुढे 'कॅल्शियम', 'लसिकापेशींची एकूण संख्या' आणि 'बीसीजी व पोलिओ डोसचा निर्णय' असे तीन रकाने वाढवावेत, आणि ट्रेक चाचणीचा प्रायोगिक प्रकल्प निदान एका मोठ्या प्रसूतिरुग्णालयात सुरू करावा. संशयित बाळाच्या तपासणीसाठी मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारातली राष्ट्रीय रोगप्रतिकार रक्तशास्त्र संस्था आहे. जिल्ह्यातून नमुना पाठवताना तो रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या नळीत घ्यावा, बर्फात ठेवू नये, खोलीच्या तापमानात 24 ते 48 तासांत पोहोचवावा आणि सोबत त्याच दिवशीचा सीबीसी अहवाल जोडावा. तो नसेल तर फ्लो सायटोमेट्रीतून मिळालेल्या टक्केवारीचे प्रत्यक्ष संख्येत रूपांतर करता येत नाही आणि बाळाचे रक्त पुन्हा काढावे लागते.

आपले,
रोगप्रतिकारशास्त्र शिकवणारे काही अध्यापक आणि बालरोगतज्ज्ञ